पुलाचं पासिंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



एस.टी.ची गाडी रस्त्यावर आणायची तर तिला पासिंग लागतं. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग असं सगळं तपासून झालं की तिला योग्यतेचा दाखला मिळतो, आणि त्या दाखल्याला मुदत असते. मुदत संपली की गाडी पुन्हा तपासणीला उभी. चालकाला परवाना लागतो. वाहकाला बिल्ला लागतो. हा बिल्ला मी सत्तावीस वर्षं छातीवर लावला. पण ही पासिंग झालेली गाडी, तो परवाना असलेला चालक, मी आणि मागचे पन्नास प्रवासी ज्याच्या भरवशावर नदी ओलांडायचो, त्या पुलाचं पासिंग कधी झालं आणि त्याची मुदत कधी संपते, हे मला एकाही पुलावर लिहिलेलं दिसलं नाही. आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमच्यापैकी काहीजण मला कवी म्हणून ओळखत असतील. पण कवितेवर घर चालत नाही, हे माझ्या वालिदांनी मला बी.ए.च्या निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि एस.टी.त वाहक म्हणून लागलो. बरीच वर्षं पानशेत, वेल्हे, भोर या बाजूच्या फेऱ्या केल्या. पुणे सोडलं की खडकवासल्याचं पाणी लागतं. मग डोणजे, खानापूर असं करत गाडी पानशेतला पोहोचते. एका अंगाला आंबी नदीवरचं पानशेतचं धरण, शेजारच्या खोऱ्यात मोसे नदीवरचं वरसगाव. हा सगळा मुलूख ओढ्यानाल्यांचा. पावसाळ्यात दर दोन-चार मैलांवर एखादा फरशी पूल, एखादा साकव, एखादी मोरी.

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, हा आमचा पहिला धडा. चालक गाडी थांबवायचा, मी खाली उतरून कडेच्या दगडांवरून पाण्याचा अंदाज घ्यायचो. माझ्याबरोबर बरीच वर्षं असलेले एक चालक होते, वयानं वडीलधारे. ते एकदा मला म्हणाले, "मास्तर, वरचं पाणी डोळ्यांना दिसतंय, त्याचं भ्या नाही. पूल खालून कसा हाय, ते कोण सांगणार?"

श्रोतेहो, या प्रश्नाचं भयंकर उत्तर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मिळालं. महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा जुना पूल पुरात वाहून गेला. तो १९२८ सालचा. जयगडहून मुंबईला जाणारी आणि राजापूरहून बोरिवलीला जाणारी, अशा दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनंही त्या काळोखात गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्यांत दोन्ही गाड्यांचे चालक-वाहकही होते. रातराणीचा वाहक मध्यरात्री कसा बसलेला असतो, मला ठाऊक आहे. तिकिटांचा हिशोब लावून झालेला असतो, पैशाची पिशवी मांडीवर असते, डोळा लागत नाही आणि उघडाही राहत नाही. समोर पूल नाही, हे त्यांना कळायला वेळच मिळाला नसेल.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी त्या पुलाची पाहणी झाली होती, आणि त्या पाहणीत तो वाहतुकीला धोकादायक ठरला नव्हता. पुढं तिथं नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे बांधण्याची ताकद आपल्यात आहे. आपण कमी पडतो ते पाहण्यात.

पाहणी आणि तपासणी हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून मला त्यांतला फरक टोचतो. पाहणी रस्त्यावर उभं राहून करता येते. मंत्री करतात, साहेब करतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. तपासणीसाठी पुलाखाली उतरावं लागतं, हात काळे करावे लागतात. तपासणी म्हणजे तपास. गुन्हा घडण्याआधी करायचा तपास.

असा तपास मी एकदा जवळून पाहिला. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर राज्यभर पुलांची तपासणी हाती घेतली गेली. त्याच हिवाळ्यात माझ्या फेरीच्या वाटेवरच्या एका पुलावर माणसं आली. पुलाचं नाव इथं महत्त्वाचं नाही. लोखंडी गर्डरचा, रिव्हेट मारलेला, अरुंद असा तो पूल. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. गाडीखाली त्याचा एक विशिष्ट आवाज यायचा, आणि त्या आवाजानं झोपलेले प्रवासी आपलं गाव आलं म्हणून उठायचे. त्या दिवशी माझी सुट्टी होती. पथकातला मिस्त्री ओळखीचा निघाला, म्हणून दिवसभर मी त्यांच्या मागं मागं फिरलो.

पथकात एक तरुण अभियंता मुलगी होती. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, हातात हातोडी आणि टॉर्च. मला वाटलं होतं, मोठमोठी यंत्रं येतील. तिनं पहिल्यांदा काढला तो खडू आणि वायरचा ब्रश. मला म्हणाली, "काका, आधी डोळे, मग कान, मग हात. यंत्र शेवटी."

डोळ्यांनी ती काय शोधत होती? तर पाणी कुठं साचतं ते. लोखंडाला नदीच्या वाहत्या पाण्यापेक्षा साचलेल्या पाण्याचा जास्त त्रास होतो. पुलावर पडलेला पाऊस खाली सोडायला नळ्या असतात. त्या माती, पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या यांनी बुजल्या की पाणी सांध्यांतून झिरपतं आणि नेमकं गर्डरच्या टोकाशी, जिथं तो खांबावर टेकतो तिथं, मुरत राहतं. बाकी गर्डर ठणठणीत आणि टोकं खाल्लेली, असं दृश्य त्यामुळं दिसतं. आणि सगळा भार तर टोकांवरूनच खांबात उतरतो.

गंज म्हणजे नुसता रंग बदलणं नव्हे. लोखंड हवा-पाण्याशी मिळून गंज बनतं, तेव्हा ते मूळच्या कितीतरी पट जागा व्यापतं. दोन प्लेटांच्या फटीत गंज धरला की तो पाचरीसारखा काम करतो. प्लेटा एकमेकींपासून फाकवतो, रिव्हेटची डोकी उडवतो. आमच्या घरी बोलताना गंजाला जंग म्हणतात, आणि लढाईलाही जंगच म्हणतात. मी लहानाचा मोठा झालो तो पुण्याच्या गंज पेठेत. तिथला गंज म्हणजे बाजार, मालाचा साठा. पण त्या दिवशी पुलाखाली मला घरचाच अर्थ पटला. तिथं खरोखर लढाई चालली होती. आवाज न करता, वर्षानुवर्षं, आणि एका बाजूचा शिपाई रोज थोडा थोडा कमी होत होता.

मग कान. मिस्त्री हातोडीनं रिव्हेटच्या डोक्यावर एका बाजूनं टोला मारायचा आणि दुसऱ्या बाजूला बोट ठेवायचा. घट्ट रिव्हेट खणकन वाजतं. ढिलं रिव्हेट बद्द वाजतं आणि बोटाखाली थरथरतं. ढिल्या रिव्हेटची आणखी एक खूण असते. त्याच्या डोक्याखालून रंगावर तांबडी रेघ ओघळलेली असते, डोळ्यांतून काजळ ओघळावं तशी. प्रत्येक गाडीगणिक ते किंचित हलतं, घासतं आणि घासलेली पूड पावसात वाहते. मिस्त्री प्रत्येक ढिल्या रिव्हेटभोवती खडूनं गोल काढत गेला. संध्याकाळी गर्डरवर किती गोल झाले, ते मी मोजलं नाही. मोजायचं धाडस झालं नाही म्हणा.

मग हात. ब्रशनं पापुद्रे खरवडायचे, खालचं स्वच्छ लोखंड उघडं करायचं आणि किती उरलंय ते मोजायचं. त्यासाठी हातात मावेल एवढं एक यंत्र असतं. प्लेटेच्या एका बाजूला टेकवलं की ते आवाजाची अतिसूक्ष्म लहर आत सोडतं आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी सांगतं. दुसरी बाजू दिसत नसली तरी चालतं. मूळ दहा मिलिमीटरची प्लेट एका टोकाशी सातच्या आत भरली. ती मुलगी काही बोलली नाही. वहीत आकडा लिहिला, शेजारी आणखी तीन जागी मोजलं, मगच पुढं सरकली.

एका सांध्याजवळ केसासारखी बारीक रेघ दिसली. तडा आहे की रंगाचा ओरखडा? तिनं तिथला रंग काढला, एक लाल द्रव फवारला, थोडा वेळ थांबून पुसून टाकला आणि वर पांढरी भुकटी फवारली. तडा असता तर त्यात शिरलेला लाल रंग वर येऊन पांढऱ्यावर रेघ उमटली असती. आम्ही सगळे त्या पांढऱ्या चौकोनाकडं बघत राहिलो. रेघ उमटली नाही. मिस्त्रीनं तंबाखू मळायला घेतली.

हा तडा इतका महत्त्वाचा का, हे तिनं मला डबा खाताना सांगितलं. लोखंडाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा इकडून तिकडं वाकवली की एका क्षणी कट्कन तुटते. पुलावरून जाणारी प्रत्येक जड गाडी त्याला किंचित वाकवते आणि सोडते. अशी लाखो आवर्तनं झाली की एखाद्या कोपऱ्यात, भोकाच्या काठाशी, वेल्डिंगच्या टोकाशी सूक्ष्म तडा जन्माला येतो. तो वाढतो हळूहळू, आणि शेवटचा टप्पा मात्र क्षणात गाठतो.

अमेरिकेत ओहायो नदीवर सिल्व्हर ब्रिज नावाचा लोखंडी पूल होता. योगायोगानं तोही आपल्या सावित्रीच्या पुलासारखा १९२८ सालचा. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, रस्ता गाड्यांनी भरलेला असताना तो कोसळला आणि ४६ माणसं गेली. कारण निघालं ते एका जोडपट्टीतला जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा. तो अशा जागी होता की जोड सुटा केल्याशिवाय दिसलाच नसता. त्या घटनेनंतर तिथं देशभरच्या पुलांच्या नियमित तपासणीचा कायदा झाला. तरीही चूक होतेच. २०२१ च्या मे महिन्यात मिसिसिपी नदीवर मेंफिस इथल्या पुलाच्या एका मुख्य तुळईला मोठा तडा सापडला आणि पूल तातडीनं बंद केला. मग जुने फोटो काढून पाहिले, तर तो तडा काही वर्षांपूर्वीच्या फोटोतही होता. मधल्या काळात तपासण्या झाल्या होत्या. पुलाकडं बघितलं गेलं होतं, तडा दिसला नव्हता.

मला वाटायचं, पूल म्हणजे स्थिर वस्तू. खरं तर चांगला पूल हलतो. उन्हानं लोखंड वाढतं, थंडीनं आखडतं. तीस मीटर लांबीचा गर्डर तीस अंशांच्या फरकानं सुमारे अकरा मिलिमीटर लांब होतो, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढा. म्हणून त्याचं एक टोक सरकतं ठेवलेलं असतं, खाली बेअरिंग असतं. आमच्या पुलाच्या बेअरिंगभोवती मातीचा ढीग बसून ते जाम झालं होतं. त्या मातीत पिंपळाचं रोप उगवलं होतं आणि त्याची मुळं दगडी भिंतीत शिरली होती. गर्डरला हलायला जागा नसेल तर तो गप्प बसत नाही, खांबाला ढकलतो. माणसाचंही असंच होतं म्हणा.

आणखी एक गोष्ट तिनं दाखवली, ती मी जन्मात विसरणार नाही. पुलावर डांबराचे थरावर थर चढले होते. रस्ता खराब झाला की गावकरी ओरडतात, मग खरवडल्याशिवाय वरून नवा थर. सगळे खूश. तिनं माझ्यासमोर हिशोब मांडला. तीस मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद पूल. त्यावर तीन इंचांचा जादा थर. वजन सुमारे अठ्ठावीस टन. "काका, तुमच्या भरलेल्या जवळजवळ दोन गाड्या या पुलावर कायमच्या उभ्या आहेत. आणि तुम्ही तिसरी घेऊन येता."

दुपारी काठावर गाव जमलं होतं. एक आजी कधीपासून बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "बाई, पूल बंद करणार का गं? आमच्या नातीची बारावी हाय." शेजारी दुधाचा टेम्पो चालवणारा पोरगा उभा होता. पूल बंद म्हणजे त्याला डोंगराला वळसा. शहरात बसून आपण सहज म्हणतो, धोकादायक आहे ना, मग करा बंद! पण डोंगरातल्या गावाला तो एकच पूल असतो. शाळा, दवाखाना, दूध, बाळंतपण, मयत, सगळं त्याच्यावरून. त्या मुलीच्या चेहऱ्यावर मला तेव्हा तिच्या कामाचं खरं ओझं दिसलं. पूल ठीक आहे म्हणून लिहिलं आणि तो पडला, तर पाप तिच्या माथी. बंद करा म्हणून लिहिलं, तर आजीची नात. ती एवढंच म्हणाली, "आजी, मी काय बघितलं ते खरं खरं लिहिणार."

तिनं तसंच लिहिलं असावं. कारण पुढं निर्णय आला तो मधला. पूल पूर्ण बंद झाला नाही. जड वाहनांना बंदी आली, आणि डंपर चोरून जाऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी आडव्या कमानी लावल्या. त्या कमानीखालून डंपर जात नव्हता, तशी आमची एस.टी.ही जात नव्हती. माझी गाडी अलीकडच्या काठाला थांबू लागली. पलीकडच्या पोरी दप्तरं घेऊन पुलावरून चालत यायच्या. पावसात भिजलेली तिकिटं मी फाडायचो आणि कोणी कुरकुरलं की सांगायचो, तुमच्यासाठीच आहे. दुरुस्तीला दोन पावसाळे लागले. जादा डांबर खरवडलं, बेअरिंगं मोकळी केली, खाल्लेल्या टोकांना नव्या प्लेटा जोडल्या, ढिल्या रिव्हेटांच्या जागी बोल्ट आले, रंग लागला. मग कमानी निघाल्या. पहिल्या दिवशी गाडी पलीकडं गेली तेव्हा पुलाचा आवाज बदललेला होता. झोपलेली माणसं उठली नाहीत. त्यांना हाक मारून उठवावं लागलं.

हे मी अशासाठी सांगतो की तपासणी म्हटलं की दोनच टोकं आपल्या डोक्यात असतात, 'ठीक आहे' किंवा 'पाडा'. मधे बरंच काही असतं. मुंबईतल्या मशीद बंदरजवळच्या कर्नाक पुलाचं उदाहरण घ्या. रेल्वेच्या रुळांवरून जाणारा हा लोखंडी रस्ता-पूल १८६८ सालचा. ज्यांच्या नावानं तो ओळखला जायचा, त्या मुंबईच्या गव्हर्नरांचं आडनाव रिव्हेट-कर्नाक. रिव्हेटच्या पुलाला याहून शोभेल असं नाव कुठलं? तपासणीत तो कमकुवत ठरल्यावर २०१४ मध्ये जड वाहनं बंद केली, २०२२ मध्ये तो पूर्ण बंद केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सत्तावीस तास लोकल थांबवून उतरवला. जुलै २०२५ मध्ये त्या जागी नवा सिंदूर पूल खुला झाला. अकरा वर्षं लागली, लोकांचे हाल झाले, शिव्याही खाल्ल्या. पण दीडशे वर्षांचा तो म्हातारा कुणाचा जीव न घेता गेला.

त्याच मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, कामावरून घरी जाणाऱ्या गर्दीसकट कोसळला आणि सात माणसं गेली. त्याचं तर संरचनात्मक परीक्षण झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला होता. म्हणजे तपासणी झाली एवढं पुरत नाही, ती कशी झाली हे विचारावं लागतं.

आणि १५ जून २०२५ चा रविवार. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळातल्या कुंडमळा इथं इंद्रायणीवरचा तीसेक वर्षांचा लोखंडी पूल पडला. चार जणांनी प्राण गमावले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी बांधलेला हा अरुंद पूल. त्यावर पावसाळी सहलीला आलेली शंभराहून अधिक माणसं होती, दुचाक्याही होत्या. इथं तर पूल धोकादायक असल्याचं कळलेलं होतं. तसा फलक होता. नव्या पुलासाठी पैसे मंजूर झाले होते. सगळं कळलेलं होतं, आणि तरीही माणसं पुलावर होती.

फलकाला दोष देऊन भागत नाही आणि नुसतं लोकांना बेशिस्त म्हणूनही भागत नाही. पूल चालणाऱ्यांसाठी असतो, थांबणाऱ्यांसाठी नसतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. चौरस मीटरभर जागेत पाच माणसं दाटीनं उभी राहिली की तीनशे किलो झाले. अरुंद पुलाला हा भार गाडीपेक्षा भारी पडू शकतो, कारण गाडी एका जागी असते आणि गर्दी पूलभर. त्यात पाणी बघायला सगळे एकाच कठड्याकडं झुकतात. पावसाळ्यातल्या रविवारी पानशेतच्या रस्त्यावर हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलं आहे. गाड्या पुलावरच उभ्या, दारं उघडी, कणसं भाजणं चालू, आणि सगळे फोटो काढताहेत.

पानशेत हे नाव घेतलं की पुण्याची जुनी माणसं अजून गप्प होतात. १२ जुलै १९६१. बांधकाम पुरतं संपलेलं नसताना धरणात पावसाळ्याचं पाणी साठवलं होतं. आदल्या दिवसापासून धरण खचू लागल्याचं दिसत होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं, दुपारपर्यंत खडकवासलाही फुटलं आणि पुण्यातले बहुतेक पूल पाण्याखाली गेले. त्यांत लकडी पूलही होता. पानिपतानंतर, १७६१ मध्ये लाकडांचा म्हणून उभा राहिलेला. बरोबर दोनशे वर्षांनी त्याच्यावरून नदी गेली. माझी अम्मी तेव्हा सोळा वर्षांची होती. माझं आजोळ कसब्यात, नदीच्या अंगाला. ती सांगायची, "लोक पाणी बघायला जात होते रे. जत्रेला जावं तसे."

पुढं न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगानं चौकशी केली, धरणबांधणीचे धडे निघाले. पण सामान्य माणसाच्या बाजूनं पाहिलं तर मला एकच गोष्ट दिसते. आदल्या रात्री धरणावर काही माणसांना धोका कळलेला होता आणि सकाळी शहर मात्र नेहमीसारखं उठलं होतं. ते कळणं घराघरांत वेळेवर पोहोचलं नाही. सावित्रीला धोका दिसला नाही, हिमालयाला तो कमी लेखला गेला, कुंडमळ्याला तो दिसूनही माणसांपर्यंत पोहोचला नाही. तपासणीचं अर्धं काम पुलाखाली असतं आणि उरलेलं अर्धं पुलावर.

आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तिकांत पुलांची नेहमीची तपासणी, मुख्य तपासणी आणि विशेष तपासणी कशी करायची, हे सविस्तर दिलेलं आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पूल बघायचा, ही बांधकाम खात्याची जुनी रीत आहे. २०१६ पासून देशातल्या पुलांची संगणकावर नोंद ठेवण्याचं कामही हाती घेतलं गेलं. माझं मागणं त्यापुढचं आणि अगदी साधं आहे. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना, शाळकरी पोराला वाचता येईल अशा अक्षरात चार ओळी रंगवा: पूल कुठल्या सालचा, किती टनांपर्यंत चालेल, शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी. एवढंच. गॅसच्या सिलिंडरवर त्याच्या तपासणीची मुदत असते, उद्वाहनात किती माणसं चालतील ते लिहिलेलं असतं. मग ज्याच्यावरून आख्खं गाव जातं, त्या पुलानं काय पाप केलंय?

तारीख लिहिली की ती उलटून गेल्यावर कुणीतरी विचारतं. ग्रामसभेत विचारतं, पेपरात पत्र लिहितं. आणि 'धोकादायक' असा नुसता शब्द लिहिण्यापेक्षा 'एका वेळी दहाच माणसं' असा आकडा लिहिला, तर माणूस मोजायला लागतो. शब्दांवर जगणारा माणूस मी, पण इथं मी आकड्याच्या बाजूचा आहे.

आणि थोडं आपणही करू शकतो. पुलावर गाडी थांबवायची नाही, सेल्फीसाठी कठड्यावर गर्दी करायची नाही. पाणी जाण्याच्या नळ्यांत कचरा टाकायचा नाही. पुलावर थुंकायचं तर मुळीच नाही. कोलकात्याच्या हावडा पुलावर पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी खांबांच्या तळाचं पोलाद इतकं खाल्लं की त्याला फायबरचं आवरण घालावं लागलं. केवढा तो पूल, आणि त्याला खाल्लं कुणी, तर आपल्या थुंकीनं! रोज त्याच पुलावरून जाणारे तुम्ही असाल तर त्याच्याकडं जरा लक्ष द्या. आवाज बदलला, सांध्याशी आपटायला लागलं, कठड्याची रेषा वाकडी दिसली, रिव्हेटखाली तांबडी रेघ ओघळली, तर सांगा. खात्याला सांगा, सरपंचाला सांगा, गाडीच्या वाहकाला सांगितलंत तरी चालेल. तो आगारात नोंद करतो.

येता पावसाळा पुन्हा येणारच आहे. पानशेतचा रस्ता पुन्हा हिरवा होईल, रविवारी पुन्हा गर्दी होईल. तुम्ही या, जरूर या. तो मुलूख बघण्यासारखाच आहे. फक्त पूल लागला की न थांबता ओलांडा. मागच्या गाडीत शाळेच्या पोरी असतात.